निजलेला उतार

आमच्या वर्गातल्या मुली मे महिन्यात माथेरानला जायच्या, नाहीतर पाचगणीला. जूनमध्ये शाळा उघडली की सिस्टर एकेकीला उभं करून ‘सुट्टीत काय पाहिलं’ ते इंग्रजीत सांगायला लावायच्या. माझ्याकडे सांगण्यासारखं दरवर्षी एकच असायचं, निफाडला काकांच्या मळ्यातली मोट. त्या वर्षी मात्र वडील म्हणाले, “शालू, यंदा आपण जव्हारला जाऊ. आपली जमीन बघायला.”

आपली जमीन हे शब्द आमच्या घरात मी पहिल्यांदाच ऐकले.

हल्ली पावसाळ्यातले धबधब्यांचे फोटो बघून बऱ्याच जणी मला जव्हार-मोखाड्याचा रस्ता विचारतात. रस्ता सांगतेच. पण मी सांगणार आहे ती सहल पन्नासच्या दशकातली आहे. जव्हारचं संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन काही वर्षं झाली होती, आणि मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये दोन वेण्या घालून जात होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते संस्थानच्या महसुली कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर त्यांना सरकारी नोकरीत घेतलं आणि पुढे नाशिकला बदली झाली. आमचं मूळ घराणं शेतकऱ्याचं, काळ्या जमिनीतलं. मोठे काका शेतीवर राहिले, अण्णा शिकले. वाटणीत अण्णांना आलेला तुकडा इतका लहान की त्यांनी तो काकांनाच सोडून दिला. लग्नकार्यात पंगतीत कोणी बियाण्याचा विषय काढला की काका म्हणत, “ह्याला काय विचारता? हा शाईत पेरतो!” सगळे हसत. अण्णाही हसत. घरी आल्यावर मात्र ते दोन दिवस कोणाशी धड बोलत नसत. म्हणून त्यांनी ‘आपली जमीन’ म्हटलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती.

आता नाशिकहून त्र्यंबकमार्गे मोखाडा आणि पुढे जव्हार असा रस्ता आहे. सकाळी निघालात तर जेवायच्या वेळेला जव्हारला पोचाल. मुंबईकरांना मनोर-विक्रमगडवरून सोयीचं. पेट्रोल निघतानाच भरून घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडीची चौकशी करून मगच निघा. आम्ही गेलो तेव्हा एसटीची गाडी होती आणि तिच्या टपावर कोंबड्यांच्या डालग्या. खिडकीच्या काचा हलत नसल्यामुळे धूळ बिनतक्रार आत येत होती. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. त्र्यंबकच्या पुढे गाडी पाणी प्यायला थांबली तेव्हा आम्ही त्या खाल्ल्या.

घाटात अण्णांनी मला खिडकीशी बसवलं. नाशिकला गप्प असणारा माझा बाप त्या रस्त्यावर बोलका झाला होता.

“तो उघडा उतार दिसतो? तिथं गेल्या पावसात नागली होती. आणि त्याच्या शेजारी झुडपं वाढलीत ना, तो निजलाय.”

“निजलाय म्हणजे?”

“इथली माती पातळ गं. वीतभर माती, खाली कातळ. पाऊस असा कोसळतो की मातीच घेऊन जातो. म्हणून ही माणसं एका उतारावर पहिल्या वर्षी नागली घेतात, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी तेलाची खुरासणी. मग हात लावत नाहीत. झुडपं वाढतात, पाला पडतो, कुजतो, माती पुन्हा धरते. तोवर दुसरा उतार कसायचा. जमीन निजली, असं म्हणतात ते.”

“आणि उठते कधी?”

“ते त्यांनाच कळतं.” अण्णा अभिमानाने म्हणाले. “मी हे सगळे डोंगर पायी फिरलोय, शालू. तळहातासारखे माहीत आहेत मला.”

मोखाड्याला आम्ही अण्णांच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे उतरलो. मास्तरीणबाईंनी तोंड धुवायला प्रत्येकी एक तांब्या पाणी दिलं आणि म्हणाल्या, “अंघोळीचं उद्या बघू, झऱ्याला आलं तर.” चार महिने पावसात बुडालेला हा मुलूख मे महिन्यात तोंड धुण्याचं पाणी मोजून वापरतो, हे मला खरंच वाटेना. पाणी थांबतच नाही तिथे. मातीसारखंच उतारावरून निघून जातं. जेवायला उडदाचं घट्ट वरण, नागलीची भाकरी आणि भाजलेली सुकट होती. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. रंग बघून मी तोंड वाकडं केलं, आणि मग दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशेरा गावाच्या बाजूच्या एका पाड्यावर चालत गेलो. वाटेत करवंदं इतकी की माझे हात चिकाने काळे झाले. माझे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मोजे घोट्यापर्यंत तांबडे झाले होते. पाड्यावरची पहिली झोपडी चैत्याची. काठीसारखा ताठ, पन्नाशीचा माणूस. मिशा पांढऱ्या, आणि त्यांना तो सारखा पीळ देत होता. अण्णांना बघून तो धावतच आला.

“आलास, भाऊसाहेब! मी म्हनत होतो, येतो का नाय, येतो का नाय!”

अण्णांना ‘तू’ म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. मग कळलं, तिथे देवालाही तू आणि सरकारलाही तूच.

चैत्याची बायको लखमी दारात नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवून माझ्या पायांकडे निरखून पाहिलं. “बाय, तुझी बोटं कुठं गेली?” मी बूट-मोजे काढून बोटं दाखवली. ती म्हणाली, “हायत की! मला वाटलं शिकताना झिजली.”

चैत्या आम्हाला उतारावर घेऊन गेला. मागून लखमीही आली. पाड्यापासून जवळच होता तो उतार. मी मनात काकांच्या मळ्यासारखं काहीतरी धरलं होतं; समोर होता डोंगराचा एक तिरका खांदा, कमरेएवढ्या झुडपांनी भरलेला, मधूनमधून काळे दगड. अण्णा बांध नसलेल्या त्या जमिनीवर कडेकडेने चालत गेले, परत आले, वाकून त्यांनी मूठभर माती उचलली. निफाडला काका करतात तशी त्यांनी ती बोटांत चुरली. त्यांचा चेहरा मी कधी इतका सुखी पाहिला नव्हता.

“शालू, सांग बरं, कोणती माती?”

“लॅटेराइट,” मी म्हणाले. भूगोलात मला चांगले गुण होते.

“काय म्हनली?” चैत्याने विचारलं.

“मातीचं इंग्रजी नाव.”

“आपल्या मातीला इंग्रजी नाव हाय?” चैत्या खूश झाला. वळून ओरडला, “ऐकलंस का? इंग्रजी नाव हाय हिला!”

“मग नेतील तिकडंच तिला,” लखमी म्हणाली.

चैत्या हसला आणि अण्णांकडे वळला. आता तो कामाचं बोलू लागला, हे त्याच्या मिशीवरून खाली आलेल्या हातावरून कळलं.

“भाऊसाहेब, तिची झोप झाली. हे बघ.” त्याने एक झुडूप बाजूला सारून खालचा पाला उकरला. आत माती काळपट, ओलसर होती. मघाशी अण्णांच्या मुठीतल्या मातीसारखी नव्हती. “आता तोडाया पायजे. तोडली, सुकली, पाऊस यायच्या आत भाजली, तर यंदा नागली. खालचा उतार तर संपला, औंदा खुरासनी बी धड नाय आली. पन मोखाड्याला एक जन म्हनला, चैत्या, हात लावू नको, भाऊसाहेबाच्या नावावर हाय ती. मी म्हनलं, असंल. त्यानंच तर इचारलं व्हतं मला. येईल तेव्हा त्यालाच इचारू. म्हनून थांबलो. सगळ्यांची तोडनी झाली, माझीच ऱ्हायली.”

अण्णांनी मुठीतली माती खाली सोडली.

“याद हाय ना तुला?” चैत्या म्हणाला. “राजाचं राज्य गेलं त्या साली तू आलास. हितंच, ह्या दगडावर बसलास. म्हनलास, चैत्या, सरकार बदललं, सगळं नव्यानं लिहायचंय. ही कोन कसतो? मी म्हनलं, कोन नाय. खरंच नव्हतो कसत. निजवून दुसरा पावसाळा व्हता.”

“आन् कोनाची ते सांगितलंस का?” लखमी मागून म्हणाली. “कोनाची ते?”

“त्यानं कुठं इचारलं?”

“इचारलं नाय म्हनून सांगितलं नाय! कोंबडा झाकला तर सांगशील, घरात कोंबडाच नाय.”

“अगं, निजलीय ते दिसतं ना डोळ्यांनी! सांगायचं काय त्यात? आन् भाऊसाहेबाला नाय का ठावं? सगळे डोंगर फिरलाय तो.”

मी अण्णांकडे पाहिलं. आदल्या दिवशी खिडकीशी त्यांनी मला काय सांगितलं होतं ते माझ्या कानात होतं. शाळेत सिस्टर शिकवत, खोटं बोलू नये, चोरी करू नये. मी मनात ताडून बघत होते. चैत्या खोटं बोलला नव्हता. अण्णांनीही खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी ‘पडीक’ लिहिलं. पुढे पडीक जमिनी मागेल त्याला मिळू लागल्या तेव्हा त्यांनी मागितली. कुठेच बोट ठेवता येत नव्हतं, आणि तरी माझे कान तापले होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते हातावरची माती झटकत होते. ती केव्हाच झटकून झाली होती.

“तोडू ना?” चैत्याने विचारलं. “नाय म्हनलास तर कुपावर जावं लागंल, ठेकेदाराचं लाकूड तोडाया. पोरं घेऊन.”

मला वाटलं, अण्णा आता म्हणतील, तुझीच आहे, विचारतोस काय. मी तशी वाटच बघत होते. त्यांनी मान वर केली आणि कचेरीत बोलत असावेत तशा आवाजात म्हणाले, “तोड. कस तू. पण अर्धं पीक द्यायचं.”

“कोनाला?”

“मला.”

चैत्याला ते उमगायला वेळ लागला. त्याने आधी उताराकडे, मग अण्णांकडे, मग बायकोकडे पाहिलं. लखमी फक्त “बघ” एवढंच म्हणाली. मग चैत्याने मान हलवली, दोनतीनदा, जणू स्वतःलाच काही समजावत होता. “बरं. अर्धं तर अर्धं. निदान उठंल तरी ती.” आणि एकदम मिशीला पीळ देऊन ओरडला, “चल, कोंबडी धर! भाऊसाहेब उपाशी जाईल का आपल्या पाड्यावरनं?”

त्या घरातली एक कोंबडी कमी झाली. वरईचा भात आणि तिखटजाळ रस्सा. मला लाज वाटत होती असं मी लिहिलं तर ते खरंच आहे, पण मला भूकही लागली होती आणि मी पोटभर जेवले. अण्णा मात्र भात चिवडत होते. हात धुताना लखमीने माझ्या हातावर अगदी थोडं थोडं पाणी घातलं आणि हळूच विचारलं, “तुझ्या बापाला झोप लागते का गं, बाय?”

“हो,” मी म्हणाले, “पडल्या पडल्या घोरतात.”

ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मीही हसले, कारण ती हसत होती. परतीच्या वाटेवर मला तो प्रश्न कळला आणि मी एकदम थांबले. अण्णा पुढे चालत बोलत होते, कुठे बांध घालता येईल, कडेने आंबे लावता येतील. त्यांनी मागे वळून विचारलं, “पाय दुखतात का?” मी हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जव्हार. तुम्ही गेलात तर मुक्काम इथेच करा. पठारावर वारा गार असतो, बाजारात जेवण स्वस्त आणि घरगुती मिळतं. राजवाडा बघा, संध्याकाळी सूर्यास्ताच्या कड्यावर जा. खाली डोंगर एकामागे एक निळे होत जातात. मी हे सगळं पाहिलं ते अण्णांचा हात धरून. रस्त्यात लोक त्यांना नमस्कार करत होते. चहाच्या दुकानात त्यांचे एक जुने सोबती भेटले, तेही कचेरीतले.

“काय रे, मिळाली म्हणे जमीन?” त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. “राजे गेले आणि आपण राजे झालो!”

“माळ आहे रे नुसता. दगड,” अण्णा म्हणाले.

“दगड असू दे, नावावर आहे ना? पोरी, तुझा बाप हुशार आहे बरं.”

अण्णांनी त्यांचा चहा तसाच ठेवला. सूर्यास्ताच्या वेळी ते कड्यावर माझ्यापासून जरा लांब उभे राहिले. त्या डोंगरांमध्ये कुठेतरी चैत्या झुडपं तोडत असेल, असं मला वाटत होतं. त्यांनाही वाटत असावं. आम्ही कधीच एकमेकांना विचारलं नाही.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, “कशी आहे हो जमीन?”

“पडीक होती,” अण्णा म्हणाले. “माणूस लावून आलोय.”

जूनमध्ये सिस्टरनी मला उभं केलं तेव्हा मी राजवाडा आणि सूर्यास्त सांगितला. पाचगणीवाल्या मुलींइतक्याच टाळ्या मलाही मिळाल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर चैत्या नाशिकला आला. पाठीवर नागलीचं पोतं. थोडं अंतर एसटीने, बाकी पायी. त्याच्यासाठी आमच्याकडे वेगळा कप होता आणि तो कप कोनाड्यात वेगळा असे. चैत्याने ओसरीवर बसून चहा घेतला आणि पीक किती छान आलं ते हातांनी दाखवत सांगितलं. अण्णांनी त्यातली थोडी नागली एका पिशवीत भरून निफाडला काकांकडे पाठवली. सोबत निरोप, ‘माझ्या शेतातली.’ पुढच्या लग्नात काका शाईचा विनोद विसरले. माझा बाप पंगतीत ताठ बसला होता. मला त्याच्यासाठी बरं वाटलं, आणि ते बरं वाटल्याचंच फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी वरई आली. तिसऱ्या वर्षी खुरासणी. आईने तिचं तेल काढून आणलं.

चौथ्या दिवाळीनंतर चैत्या आला तो रिकाम्या हाताने. मी मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात गेले होते आणि सुट्टीला घरी आले होते. तो नेहमीच्या जागी बसला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, निजवली तिला. तीन पावसाळे झाले. आता तिला हात लावायचा नाय. तवर दुसरा उतार बघतो. उठली की सांगाया येईन.”

अण्णा खांबाला धरून उभे होते. मग म्हणाले, “चैत्या, ती मी विकली. उन्हाळ्यात. गवताच्या व्यापाऱ्याला. पोरीच्या हॉस्टेलला पैसे लागत होते.”

हे मलाही माहीत नव्हतं. मी दारात उभी होते, हातात चैत्याच्या चहाचा कप.

चैत्या अण्णांकडे बघत राहिला. रागाने नाही. एखाद्याने कधी न ऐकलेली रीत सांगितली की बघावं तसा.

“निजलेली इकलीस?” तो म्हणाला.

मी चहा पुढे केला. चैत्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला; त्याने मला ओळखलं होतं.

“ही ती बूटवाली का? किती शिकलीस, बाय?”

“मॅट्रिक झाले. आता कॉलेजात आहे.”

“लय चांगलं,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. चहा संपवून त्याने कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला. पायरी उतरताना अण्णांना नव्हे, मला नव्हे, असंच म्हणाला, “आता लखमीला काय सांगू?”

तो पुन्हा आला नाही.

अण्णा जाऊन फार वर्षं झाली. ते वाईट माणूस नव्हते. आजारपणात आईच्या उशाशी रात्र रात्र बसत, माझी पत्रं जपून ठेवत. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झाले; त्याच पेन्शनवर हिंडते आणि हिंडलेलं इथे लिहिते. माझ्या शिकण्याचं खत कुठल्या उतारावरून आलं, ते मला माहीत आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही मैत्रिणी गाडी करून जव्हारला गेलो. रस्ता आता बरा आहे, मधला काही भाग सोडला तर. खिडकीतून मला पिकाचे उतार दिसत होते आणि झुडपांचेही. आमच्यातली एकजण, चांगली शिकलेली, कनवाळू बाई, कौतुकाने म्हणाली, “किती जमीन नुसती पडून आहे गं इथे!” बाकीच्या म्हणाल्या, खरंच, एखादं घर बांधायला काय जागा आहे.

मी म्हणाले, “पडून नाही ती.” सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, पुढे काय म्हणते म्हणून. घरी पोचल्यावर पायही न धुता मी पुढचं लिहायला बसले.